नाणं बंद करायचं असेल तर तसं जाहीर सांगा : रिझर्व्ह बँक आणि अर्थ मंत्रालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
आणि
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : चलनातली नाणी आणि ती नाकारणारा बाजार

महोदय, महोदया,

पत्र दोघांच्या नावे आहे, कारण नाण्याविषयी एकाला विचारलं की दुसऱ्याकडं बोट जातं. नाणी पाडायचा अधिकार केंद्र सरकारचा आणि ती लोकांपर्यंत पोचवायचं काम रिझर्व्ह बँकेचं. नोटेवर गव्हर्नरांची सही असते, एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवांची. नाण्यावर कुणाचीच नसते. त्याला वाली नाही तो बहुधा म्हणूनच.

वाईला कृष्णेच्या घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं पूजासाहित्याचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. कापूर, उदबत्त्या, वाती, जानवी, अष्टगंध, ओटीचं सामान. सगळी उलाढाल पाच, दहा, वीस रुपयांची. सकाळी सकाळी कुणी पाचशेची नोट पुढं केली की माझी पंचाईत होते. शिवाय आरतीत टाकायला, देवापुढं ठेवायला लोक सुट्टेही माझ्याकडूनच मागून नेतात. क्यूआर कोडचा पुठ्ठा माझ्याही काउंटरवर आहे आणि तो आल्यापासून गल्ल्याची कटकट कमी झाली, हे मान्य. आता तर काही देवळांत दानपेटीवरही तो चिकटवलेला दिसतो. पण कलशात सुपारीबरोबर, ओटीत खणानारळाबरोबर आणि लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर अजून नाणंच लागतं.

गेल्या महिन्यात एका बँकेच्या शाखेत मी गल्ल्यातली नाणी भरायला गेलो. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या बांधून नेल्या होत्या. घ्यायला नकार मिळाला. रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत की कुठल्याही शाखेनं नाणी नाकारू नयेत, शंभरच्या पिशव्यांत आणलेली वजनावर मोजून घ्यावीत. त्याची छापील प्रत माझ्याजवळ होती. रोखपालांनी ती वाचली आणि म्हणाले, "काका, हे सगळं बरोबर आहे, पण ठेवू कुठं? आमच्याकडून पुढं कुणी उचलत नाही." त्यांच्या मागं खरोखरच नाण्यांची पोती रचलेली होती. हे पत्र त्या शाखेविरुद्ध नाही, म्हणून तिचं नावही देत नाही. परिपत्रक काढणाऱ्यांनी पोती कुठं जायची ते ठरवलेलं नाही, माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आणि तक्रार तेवढीच नाही.

एक काम करा. १९९० च्या दशकातलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं, २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं आणि २०१९ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं, अशी तीन नाणी एकावर एक ठेवा. कडा जुळतील. तिन्हींचा व्यास २५ मिलिमीटर. पाचाचं नाणं पिवळसर आणि ६.७४ ग्रॅम वजनाचं, त्यामुळं डोळ्यांना ते वेगळं दिसतं तरी. एक आणि दोनचं काय करायचं? दोन्ही स्टीलची, दोन्ही २५ मिलिमीटरची, दोन्ही ४.८५ ग्रॅमची. २०११ चं एक रुपयाचं नाणं पाहा : जवळपास २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. म्हणजे मापानं आणि वजनानं जुने आठाणेच. तेव्हा तुम्ही रुपयाला आठाण्याच्या जागी बसवलं, दोनाला रुपयाच्या जागी, आणि जुनी नाणीही बाजारात तशीच फिरू दिली. पुढं २०१९ मध्ये रुपया आणखी आखडून २० मिलिमीटरवर आला. आज स्टीलच्या एक रुपयाची तीन मापं चलनात आहेत आणि तिन्ही कायदेशीर आहेत.

आकार बदलायला माझी ना नाही. धातू महागतो, टांकसाळीला हिशेब असतो. एक रुपयाचं नाणं पाडायला रुपयाहून जास्त खर्च येतो, हे माहितीच्या अधिकारात बाहेर आलेलंच आहे. पण हे बदलताना ती नाणी कुणाच्या हातात जाणार आहेत याचा विचार कुणी केला होता का?

पूर्वी तो होत होता. १९५० च्या मालिकेत आण्याची कड नागमोडी होती आणि दोन आण्यांचं नाणं चौकोनी. युद्धाच्या दिवसांत तांबं वाचवायला भोकाचा पैसा निघाला, तोही अंधारात बोटाला कळायचा. दशमान पद्धत आल्यावर पाच पैसे चौकोनी, दहा पैसे कंगोऱ्यांचे, १९६४ मध्ये आलेले तीन पैसे षटकोनी, नंतर ॲल्युमिनियमचे वीस पैसेही षटकोनी. दोन रुपयांच्या नाण्याला अकरा बाजू होत्या. अक्षरओळख नसलेली बाई आठवड्याच्या बाजारात त्या नाण्यांचा हिशेब चुकत नसे, कारण तो तिच्या बोटांत होता. २००५ च्या सुमारास दोनाचं नाणं गोल झालं, मग हाताच्या मुद्रांची मालिका आली : एक रुपयावर अंगठा, दोनावर दोन बोटं. कल्पना चांगली होती, पण ती बघायला डोळे लागत होते.

माझ्या दुकानात उदबत्तीचे पुडे घेऊन एक दृष्टिहीन गृहस्थ येतात. पैसे घेताना प्रत्येक नाण्याची कड नखानं तपासतात, मग अंगठ्यानं दाबून बघतात आणि तरी शेवटी मलाच विचारतात, "रुपया का दोन?" माझ्यावर त्यांचा विश्वास आहे ही माझ्यासाठी चांगली गोष्ट असेल, पण देशाच्या चलनानं त्यांना दुकानदाराच्या विश्वासावर सोडावं का? २०१९ ची मालिका दृष्टिहीनांना ओळखता येईल अशी केली, असं तुम्ही सांगितलंत. ती पाच नाणी शेजारी-शेजारी ठेवली तर खरंच ओळखता येतात; वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू आहेत, ते उत्तम झालं. पण खिशात एकच मालिका नसते, सगळ्या मालिका एकत्र असतात. नोटांचंही तेच. शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक बोटांनी मोजायचा! नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडला यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. नोट ओळखणारं ॲप तुम्ही १ जानेवारी २०२० ला काढलंत. ते नोटांसाठी आहे.

आता दहा रुपयांचं नाणं. यावर फार लिहायला नको, तुम्हाला सगळं माहीत आहे. त्याचे काही नमुने खोटे आहेत अशी अफवा आहे, म्हणून कुणी त्यावरच्या रेघा मोजतं, कुणी रुपयाचं चिन्ह आहे का ते बघतं. चिन्हच मुळी २०१० मध्ये ठरलं, त्याआधीच्या नाण्यावर ते येणार कुठून! जानेवारी २०१८ मध्ये तुम्ही पत्रक काढून सांगितलं की चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत. बरोबर. पण ते पत्रक वाईच्या मंडईत कुणी वाचलं? अफवा पायी चालत प्रत्येक गावात पोचली आणि तिचं खंडन तुमच्या संकेतस्थळावर बसून राहिलं. आजही माझ्याकडून दहाचं नाणं घेतलेला माणूस पुढच्या दुकानातून परत येतो आणि मला म्हणतो, "हे बदलून द्या, चालत नाही."

मला सगळ्यात जास्त खुपतं ते आठाण्याचं.

पावलीचा शेवट रीतसर झाला होता. डिसेंबर २०१० मध्ये अधिसूचना निघाली, ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बंद होतील असं सांगितलं, तोवर बँकेत बदलून घ्यायला मुदत दिली. कुणाला आवडलं नसेल, पण कळलं सगळ्यांना. माझ्या व्यवसायाला त्याचा एक मजेशीर फटका बसला. आमच्याकडं नवस सव्वा रुपयाचा, नारळावर दक्षिणा सव्वा रुपया, सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाचा. त्या दिवसापासून सव्वा रुपया देशाच्या कायदेशीर नाण्यांत देताच येत नाही. गुरुजींनी अकरा, एकवीस, एक्कावन्न अशी वाट काढली. धर्म सरकारपेक्षा लवकर जुळवून घेतो. जुन्या पावल्या काही घरांनी जपून ठेवल्यात. त्या पूजेपुरत्या बाहेर निघतात आणि परत डब्यात जातात. पावली परत आणा असं मी म्हणत नाही. पण आठाण्याला तेवढाही मान मिळाला नाही. कायद्यानं ते जिवंत आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणं दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठाण्यांत देता येते. बाजारात मात्र ते कुणी घेत नाही, नवं दिसत नाही, आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. माझ्याकडं आठाण्यांची एक बरणी भरलेली आहे. ती मी काय म्हणून सांभाळायची, चलन म्हणून की भंगार म्हणून, हे मला कुणीतरी सरकारी माणसानं लेखी सांगावं.

इथं थोडं मागं जातो, कारण चलनाच्या बाबतीत आपला देश काल-परवा जागा झालेला नाही.

रुपया हे सोळाव्या शतकातलं शेरशाह सूरीचं देणं. १७८ ग्रेनचं, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅमचं, चांदीचं नाणं. मोगलांनी ते चालवलं, त्यांच्या पडत्या काळात मुलुखामुलुखाचे रुपये झाले. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण शिवराई इतकी रुजली की इंग्रजी अमल बसल्यावरही बाजारात बराच काळ चालत होती. कुणी ती गळ्यात बांधली, कुणी देव्हाऱ्यात ठेवली. बायकांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ही तर नाण्यांचीच माळ. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला अजून आजीचे राणीछाप रुपये ताम्हनात मांडतात. परक्या राणीचं तोंड आहे म्हणून त्यांना कुणी बाजूला काढलं नाही, कारण पूजा चांदीची आणि आजीच्या काटकसरीची असते.

पेशवाईत चांदवडी, अंकुशी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी चालायचे. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. त्यामुळं पेठेतला सराफ एक रुपया घेऊन दुसरा देताना बट्टा, म्हणजे अदलाबदलीची कपात, कापायचा. व्यापाऱ्याला तो परवडायचा, शेतकऱ्याच्या मात्र पदराला खार लागायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा एकच रुपया आपल्या मुलखाला लावला. तो त्यांनी आपल्या सोयीसाठीच लावला, यात शंका नाही. पण एका दर्शनी किमतीचं एक नाणं आणि ते सगळीकडं त्याच किमतीला चालणार, हा राष्ट्रीय चलनाचा पाया आहे. तोच आता ढासळतोय. माझ्या ओळखीचे दुकानदार चिल्लर हवी तर शेकड्यामागं कमिशन मोजून आणतात. माझ्यासारख्याकडं ती जास्त झाली तर तीच कमी भावानं द्यावी लागते. मेडिकलमध्ये दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतात. दहाचं नाणं एका तालुक्यात चालतं, दुसऱ्यात नाही. हा बट्टाच आहे, फक्त तो कापणारा सराफ दिसत नाही.

आणि मोठा बदल लोकांच्या गळी नीट कसा उतरवायचा, हे आपल्याच सरकारनं एकदा करून दाखवलेलं आहे. १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. केवढं अवघड काम! एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. वडिलांनी दुकानात भिंतीवर या कोष्टकाचा पुठ्ठा लावला होता. तो पुढं कितीतरी वर्षं तिथंच होता, मीही पाढे त्याच्याखाली बसून पाठ केले. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी चालली. लोक सरावल्यावर, १ जून १९६४ पासून, 'नवे पैसे' मधला 'नवे' हा शब्दसुद्धा अधिकृतपणे काढून टाकला. एक शब्द गाळायचा तर त्याची तारीख ठरवणारं सरकार होतं ते. तेव्हा ना टीव्ही होता ना मोबाइल.

स्मरणनाण्यांचं एक सांगून मागण्यांकडं येतो. १९९९ मध्ये एक रुपयावर संत ज्ञानेश्वर आले, त्याच वर्षी दोन रुपयांवर छत्रपती शिवाजी महाराज, २००२ मध्ये दोन रुपयांवर संत तुकाराम. ती नाणी गल्ल्यात सापडायची. कुणी वारकरी बाई सुट्ट्यांत माउली मिळाली म्हणून ते नाणं बाजूला काढून कपाळाला लावायची. मी स्वतः तशी चार-पाच जपून ठेवलीत. आता स्मरणनाणं म्हणजे पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे रुपयांचं, मखमली डबीत बसवलेलं, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दरानं विकलेलं. ते संग्राहकाच्या कपाटात जातं. २०२२ मध्ये अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली नाणी तेवढी बाजारात आली. ज्या थोरांची आठवण सगळ्या देशानं ठेवावी असं तुम्हाला वाटतं, त्यांचं नाणं भाजीवालीच्या हाती का जाऊ नये?

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. एकाच मापाची दोन वेगवेगळ्या किमतींची नाणी चलनात राहू देऊ नका. जुनी २५ मिलिमीटरची एक रुपयाची नाणी बँकांमार्फत हळूहळू परत घ्या. त्यासाठी दीर्घ मुदत द्या आणि ती ठळकपणे जाहीर करा. लोकांकडच्या एकाही नाण्याची किंमत बुडता कामा नये. इथून पुढं कुठलंही नाणं किंवा नोट ठरवण्याआधी दृष्टिहीनांच्या संस्थांकडून ती हाताळून घ्या आणि त्यांचा अभिप्राय प्रसिद्ध करा.

२. आठाण्याचा निर्णय घ्या. चालू ठेवायचं असेल तर पुरवठा करा आणि बँकांना ते घ्यायला लावा. बंद करायचं असेल तर पावलीसारखी अधिसूचना काढा, तारीख द्या, बदलून द्या.

३. दहा रुपयांच्या सगळ्या नमुन्यांची चित्रं असलेला मराठी फलक प्रत्येक बँकेत, एसटी स्टँडवर, टपाल कार्यालयात आणि बाजार समितीत लावा. इतर राज्यांत त्यांच्या भाषेत. हजार रुपयांपर्यंतची रक्कम रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांत देता येते, हेही त्यावर लिहा, म्हणजे घेणारा आणि देणारा दोघांनाही आपली मर्यादा कळेल.

४. शाखांनी घेतलेली नाणी पुढं कुणी, किती दिवसांत उचलायची याची जबाबदारी नेमून द्या. नाणी नाकारली तर तक्रार कुठं करायची, तो क्रमांक काउंटरवर दिसला पाहिजे. २०२३ मध्ये तुम्ही क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग बारा शहरांसाठी जाहीर केलात. सुट्ट्यांची टंचाई जत्रेच्या आणि देवस्थानाच्या गावांत जास्त असते. पुढचं यंत्र तिकडं बसवा, आणि ते नाणी देतं तशी घेणारंही असू द्या.

५. स्मरणनाणी काढाल ती एक, दोन, पाच, दहा रुपयांत काढून बाजारातही सोडा. संग्राहकांच्या डब्या खुशाल वेगळ्या विका.

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलनाचं संग्रहालय आहे, ते मी पाहिलंय. मांडणी देखणी आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथंही जुनं नाणं किती निगुतीनं ठेवतात ते पाहण्यासारखं आहे. चालू नाण्याच्या वाट्याला त्यातली थोडी निगा यावी, एवढी अपेक्षा धरली तर ती जास्त नसावी.

या पत्राचं उत्तर मराठीत आणि दोन्ही कार्यालयांकडून यावं. आठाण्याबद्दल जे काही ठरेल ते मी दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत लावीन. तोवर माझ्या दुकानात आठाणे आणि दहाची सगळी नाणी घेतली जातील.

आपला,
वाई येथील एक पूजासाहित्य विक्रेता